पॉस्तरुम: स्वीडनमधल्या टपालाच्या खोलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडिश शिकणारे, स्वीडनला नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जाणारे आणि स्वीडिश कागदपत्रांचा मराठीत अनुवाद करणारे या एका शब्दापाशी हमखास अडतात. त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. स्वीडिश शब्द उच्चाराच्या जवळ जाईल अशा बेताने देवनागरीत लिहिले आहेत.

पॉस्तरुम म्हणजे नेमकं काय?

एखाद्या संस्थेच्या किंवा इमारतीच्या आत टपाल घेण्यासाठी, वेगळं करण्यासाठी आणि ज्याचं त्याला पोचवण्यासाठी राखलेली खोली. ‘पॉस्त’ म्हणजे टपाल, ‘रुम’ म्हणजे खोली. हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक म्हणजे कामाची जागा: विद्यापीठाचा विभाग, रुग्णालय, नगरपालिका, कंपनी. दुसरी जागा म्हणजे राहती इमारत. तळमजल्यावर सगळ्यांच्या टपालपेट्या एका खोलीत असतील तर त्या खोलीलाही पॉस्तरुमच म्हणतात.

ही खोली नेहमी ‘आतली’ असते. तिथे तिकिटं मिळत नाहीत, मनीऑर्डर होत नाही, बाहेरचा माणूस रांग लावत नाही. इंग्रजी न बघता थेट मराठीत अर्थ लावणारे इथेच फसतात आणि ‘पोस्ट ऑफिस’ लिहून मोकळे होतात.

उच्चार कसा करायचा?

स्पेलिंग सात अक्षरांचं आहे: पी, ओ, एस, टी, आर, यू, एम. इंग्रजी वळणाने ‘पोस्टरूम’ म्हटलं तर लोकांना कळेल, पण ते स्वीडिश नव्हे.

पहिला स्वर ऱ्हस्व ‘ऑ’: ‘पॉस्त’. सुरुवातीच्या ‘प’बरोबर थोडी हवा सुटते, पण आपल्या ‘फ’ इतकी नाही. पुढचा टी हा ‘ट’ नसून ‘त’ आहे. स्वीडिश टी आणि डी दातांशी जीभ लावून बोलतात, म्हणजे आपल्या ‘त’ आणि ‘द’च्या अगदी जवळ. मराठी माणसाला इथे काही नवीन शिकायचं नाही, फक्त इंग्रजीची सवय सोडायची आहे.

‘रुम’मधला यू ऱ्हस्व आहे. ‘उ’ म्हणायला ओठ गोल करायचे आणि जीभ ‘अ’च्या जागी आणायची, तेव्हा जो मधलाच स्वर निघतो तो हा. शेवटचा ‘म’ मात्र लांबवायचा, जवळजवळ ‘रुम्म’. लांबी स्वराला नाही, व्यंजनाला. इंग्रजी ‘रूम’मध्ये नेमकं उलट होतं, म्हणून सवयीने दीर्घ ‘ऊ’ तोंडात येतो.

आता आघात. जोडशब्द असल्यामुळे ‘पॉस्त’वर मुख्य आघात पडतो आणि ‘रुम’वर पुन्हा एक हलका. स्टॉकहोमच्या बोलीत स्वर दोनदा वर चढल्यासारखा ऐकू येतो. फिनलंडमधल्या स्वीडिश भाषकांच्या बोलण्यात ही चाल नसते, तिथे शब्द सपाट ऐकू येतो.

स्वीडिशमध्ये ‘ट’, ‘ड’, ‘ण’ आहेत असं ऐकलं. मग इथे ‘ट’ का नाही?

आहेत, पण ते आर आधी आणि टी, डी किंवा एन नंतर आला की तयार होतात. मूल या अर्थाचा शब्द आर-एनने संपतो, त्याचा उच्चार होतो ‘बाण’. टेबलाला म्हणतात ‘बूड’. खेळायच्या पत्त्याला किंवा कार्डाला ‘कॉट’, म्हणून पोस्टकार्ड झालं ‘व्यूकॉट’. इतर देशांतून आलेले विद्यार्थी हे ध्वनी जमवण्यात महिने घालवतात, आपल्याकडे ते जन्मापासून आहेत.

पॉस्तरुममध्ये क्रम उलटा आहे: आधी टी, मग आर. म्हणून तिथे ‘ट’ तयार होत नाही, दोन्ही ध्वनी आपापल्या जागी राहतात. शिवाय दक्षिणेकडे, स्कोने भागात ‘र’ घशातून काढतात, त्यामुळे तिथे ‘बाण’सुद्धा ‘बार्न’सारखा ऐकू येतो. माल्मो किंवा लुंडला गेल्यावर गोंधळू नका.

या शब्दाचं लिंग कोणतं आणि रूपं कशी होतात?

नपुंसकलिंगी. म्हणजे ‘एत पॉस्तरुम’, ‘एन’ नव्हे. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या भागावरून ठरतं. पॉस्त हा ‘एन’ गटातला, रुम ‘एत’ गटातला, आणि शब्दाचा मालक रुम.

एक खोली: एत पॉस्तरुम. ती ठरावीक खोली: पॉस्तरुम्मेत. अनेक खोल्या: पॉस्तरुम, काही न लावता, जसं आपलं ‘एक दगड, दोन दगड’ यातलं दगड. त्या ठरावीक खोल्या: पॉस्तरुम्मेन. षष्ठीसाठी शेवटी नुसता ‘स’: पॉस्तरुम्मेत्स म्हणजे ‘त्या टपालखोलीचा’.

लिहिताना होणारी चूक एकच आहे, पण ती फार होते. नुसत्या शब्दाच्या शेवटी एम एकदाच लिहितात, प्रत्यय लागला की दोनदा. उच्चारात ‘म’ दोन्हीकडे लांबच आहे, पण शब्दाच्या टोकाला स्वीडिश लेखन तो दुप्पट करत नाही. ‘प्रोग्राम’ आणि ‘प्रोग्राम्मेत’ यांचंही तसंच.

विशेषणंही त्याप्रमाणे बदलतात: ‘एत स्तूर्त पॉस्तरुम’ (एक मोठी टपालखोली, उच्चार खरं तर ‘स्तूट’, वर सांगितलेल्या नियमाने), पण ‘दे स्तूरा पॉस्तरुम्मेत’ (ती मोठी टपालखोली).

पॉस्तरुमची चावी, पॉस्तरुमचं दार असं म्हणायचं झालं तर?

मध्ये ‘स’ घाला: पॉस्तरुम्सन्युक्केल (चावी), पॉस्तरुम्सदोर (दार). जो शब्द आधीच दोन शब्दांचा बनला आहे त्याला तिसरा जोडताना बहुधा हा सांध्याचा ‘स’ येतो. सांधा कुठे आहे ते त्यावरून कळतं: (पॉस्त + रुम) + चावी.

‘पॉस्त रुम’ असं तोडून लिहिलं तर चालतं का?

नाही. स्वीडिशमध्ये जोडशब्द तोडून लिहिणं ही सगळ्यात जास्त टोकली जाणारी चूक आहे आणि तिला स्वतंत्र नाव आहे, ‘सेष्क्रीवनिंग’. इंग्रजीच्या प्रभावाने ती स्वीडिश लोकांकडूनही होते. काही शब्दांत अर्थच पालटतो: ‘रोकफ्रित’ जोडून लिहिलं तर ‘धूम्रपान निषिद्ध’, तोडून लिहिलं तर ‘खुशाल ओढा’. पॉस्तरुमच्या बाबतीत असा अनर्थ होत नाही, पण दारावरच्या पाटीवर तो शब्द तुटलेला दिसला की वाचणाऱ्याला खटकतो. ‘टपालखाना’ हा शब्द ‘टपाल खाना’ असा लिहिलेला दिसल्यावर आपल्याला जे वाटतं, तेच.

‘पॉस्त’चे आणखी अर्थ आहेत का?

आहेत, आणि ते समजून घेतले तर बरंच सोपं होतं. मूळ इटालियन ‘पोस्ता’, म्हणजे ठरवून दिलेली जागा, घोडे बदलण्याचा टप्पा. त्या टप्प्यांवरून पत्रं जात, म्हणून टपाल. आणि ‘नेमून दिलेली जागा’ या अर्थावरून हुद्दा, पहाऱ्याची जागा, हिशेबातली एक नोंद.

टपाल या अर्थी शब्दाला अनेकवचन नाही. हुद्दा किंवा हिशेबातली नोंद या अर्थी ‘पॉस्तेर’ असं अनेकवचन होतं. तेव्हा जमाखर्चाच्या कागदात ‘पॉस्तेर’ दिसलं तर ती पत्रं नाहीत, रकमांच्या ओळी आहेत. ‘वारा पो सीन पॉस्त’ म्हणजे सावध असणं, पहाऱ्यावर असणं. त्याचा टपालाशी संबंध नाही.

शब्दयोगी अव्ययं नीट वापरा. ‘ई पॉस्तेन’ म्हणजे टपालात, टपालाने आलेलं. ‘पो पॉस्तेन’ म्हणजे टपाल कार्यालयात. ‘ई पॉस्तरुम्मेत’ म्हणजे टपालाच्या खोलीत. आणि पत्र पेटीत टाकणं याला रोजच्या बोलण्यात ‘लेग्गा पो लोदान’ म्हणतात, शब्दशः ‘पेटीवर ठेवणं’, पण ते आतच जातं.

मग पोस्ट ऑफिसला काय म्हणतात?

‘पॉस्तकॉन्तूर’. जुन्या, भव्य इमारतीला ‘पॉस्तहूस’. स्टॉकहोममध्ये वासागातान रस्त्यावर फर्दिनांद बूबेरी या वास्तुरचनाकाराने बांधलेलं आणि 1903 मध्ये पूर्ण झालेलं सेन्त्रालपॉस्तहूसेत हे त्याचं ठळक उदाहरण. स्वीडिश टपालखातं 1636 पासूनचं आहे. तेव्हा रस्त्याकाठचे शेतकरी टप्प्याटप्प्याने पत्रांची पिशवी पोचवत आणि शिंग फुंकत. ते शिंग पुढे टपालाचं चिन्ह झालं. हा इतिहास बघायचा असेल तर जुन्या शहरात, गामला स्तानमध्ये, 1906 पासून टपाल संग्रहालय आहे.

आजच्या व्यवहारात मात्र ‘पॉस्तकॉन्तूर’ फारसा भेटत नाही. 2001 नंतर खात्याची स्वतःची कार्यालयं मोठ्या प्रमाणावर बंद झाली आणि कामं किराणा दुकानांतल्या काउंटरांकडे गेली. अशा काउंटरला ‘ऑम्बूद’ म्हणतात, म्हणजे प्रतिनिधी. 2009 मध्ये स्वीडनचं आणि डेन्मार्कचं टपालखातं एकत्र येऊन जी कंपनी झाली तिचं आजचं नाव पोस्टनॉर्ड. पार्सल आणायला तुम्ही दूध-पावाच्या दुकानात जाता, ते या काउंटरांमुळे.

पॉस्तरुमच्या आसपासचे शब्द कोणते?

हे शब्द एकत्रच शिकावेत. एकटा पॉस्तरुम पाठ करून उपयोग नाही, कारण निरोप येतो तेव्हा त्यात यातला दुसराच कुठला तरी शब्द असतो.

‘पॉस्तफाक’ म्हणजे खोलीतला तुमच्या नावाचा उघडा खण. विद्यापीठात पॉस्तरुमची एक भिंत अशा खणांनी भरलेली असते, प्रत्येक खणाखाली आडनावाची चिठ्ठी, बहुधा वर्णानुक्रमाने. लक्षात ठेवा, स्वीडिश वर्णमालेत ओ, ए आणि ओ-सदृश उच्चारांची तीन खास अक्षरं झेडच्या नंतर, अगदी शेवटी येतात. तुमचं आडनाव ‘आ’ने सुरू होत असेल आणि साध्या ए अक्षराने लिहिलं असेल, तर ते पहिल्या रांगेतच असेल, शेवटी शोधू नका.

‘ब्रेवलोदा’ म्हणजे टपालपेटी, घराबाहेरचीही आणि रस्त्यावरचीही. रस्त्यावर पिवळी पेटी देशभरासाठी असते. काही ठिकाणी निळीही दिसते, ती आसपासच्या भागासाठी. ‘पॉस्तबॉक्स’ ही भाड्याने घेतलेली क्रमांकाची पेटी. तिच्या पत्त्यात रस्ता नसतो, ‘बॉक्स’ आणि आकडा असतो, आणि पोस्टल क्रमांकही वेगळा असतो.

‘फास्तिगहेत्सबॉक्स’ म्हणजे इमारतीच्या प्रवेशाजवळ ओळीने लावलेल्या, कुलपाच्या पेट्या. त्याआधी प्रत्येक फ्लॅटच्या दाराला पत्र सरकवायची फट असे, ‘ब्रेव-इनकास्त’. जुन्या इमारतींत ती अजून आहे.

‘आवी’ म्हणजे तुमच्या नावाने काही तरी आलं आहे, येऊन घेऊन जा, असं कळवणारी चिठ्ठी किंवा मोबाइलवरचा संदेश. ‘रेक’ म्हणजे रजिस्टर पत्र. ‘इन्तॅर्नपॉस्त’ म्हणजे संस्थेच्या अंतर्गत फिरणारं टपाल. त्याचं पाकीट पुन्हापुन्हा वापरायचं असतं. वर नावांसाठी ओळी आखलेल्या असतात, आधीचं नाव काटायचं आणि पुढच्या ओळीत नवीन नाव लिहायचं. आधीचं नाव काटायला विसरलं तर पाकीट परत त्याच माणसाकडे जातं. हरवलेल्या अंतर्गत टपालाचं हे नेहमीचं कारण आहे.

आणि माणसं: ‘ब्रेवबेरारे’ हा बाहेरून टपाल आणणारा पोस्टमन, ‘वाक्तमेस्तारे’ हा इमारत आणि खोली सांभाळणारा. खण, चावी, पाटी याबद्दल विचारायचं ते वाक्तमेस्तारेला.

नवीन घरी राहायला गेल्यावर पत्रं येत नाहीत. पॉस्तरुममध्ये काय बघावं?

पहिल्यांदा पेटीवरचं नाव बघा. स्वीडनमध्ये पत्र फ्लॅट क्रमांकापेक्षा आडनावावर पोचतं. पेटीवर मूळ भाडेकरूचं नाव असेल आणि तुम्ही पोटभाडेकरू असाल, तर तुमच्या नावाची पत्रं पाठवणाऱ्याकडे परत जातात. हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवू नका. बऱ्याच इमारतींत नावाच्या पट्ट्या एकसारख्या असाव्या लागतात आणि चिठ्ठी काढून टाकली जाते. घरमालकाला किंवा सोसायटीला सांगून पट्टी बदलून घ्या. तोवर पत्त्यात ‘सी/ओ’ आणि पेटीवर असलेलं नाव लिहा.

दुसरं, सरकारी नोंद. घर बदलल्यापासून एका आठवड्याच्या आत करखात्याला, स्कात्तेवेर्केतला, कळवावं लागतं. तिथला पत्ता चुकला तर बँक, विमा, रुग्णालय सगळ्यांचीच पत्रं चुकीच्या पेटीत जातात, कारण ती सगळी मंडळी तिथूनच पत्ता घेतात.

तिसरं, फ्लॅटचा चार आकडी क्रमांक. पहिले दोन आकडे मजला सांगतात, पुढचे दोन त्या मजल्यावरचं दार. 10 हा प्रवेशद्वाराचा मजला, 11 त्यावरचा. म्हणजे 1102 हे आपल्या भाषेत पहिल्या मजल्यावरचं दुसरं दार, अकराव्या मजल्यावरचं नव्हे. मुंबई-पुण्याच्या टॉवरमधून गेलेल्या माणसाची इथे हटकून गफलत होते. हा क्रमांक सरकारी नोंदीसाठी लागतो, आणि एका पत्त्यावर एकाच आडनावाची दोन घरं असतील तर पत्रासाठीही उपयोगी पडतो.

पोस्टल क्रमांक पाच आकडी आहे आणि तीन-दोन असा तोडून लिहितात. ही पद्धत 1968 पासूनची. पत्त्यात तो गावाच्या नावाच्या आधी येतो, आपल्यासारखा शेवटी नाही.

हे सगळं बरोबर असेल तर एक-दोन दिवस थांबा. पोस्टनॉर्ड आता पत्रं एक दिवसाआड वाटते, रोज नाही.

पेटीवर ‘इंगेन रेक्लाम, ताक’ लिहिलेलं असतं, ते काय?

‘जाहिराती नकोत, धन्यवाद’. तुमच्या नावाने आलेली पत्रं तरीही येतात, नगरपालिकेची माहितीपत्रकंही येतात. आणि पॉस्तरुमच्या दारावर ‘ऊबेहोरिगा एगा ए तिलत्रेदे’ अशी पाटी दिसली तर ‘संबंधितांशिवाय प्रवेश नाही’ असा अर्थ. त्यातलं ‘एगा’ हे क्रियापदाचं जुनं अनेकवचनी रूप आहे. बोलीतून ते कधीच गेलं, पाट्यांवर मात्र टिकून आहे.

सरकारी कार्यालयाच्या पॉस्तरुममध्ये नेमकं काय चालतं?

इथे हा शब्द खोलीपुरता उरत नाही. स्वीडनमध्ये 1766 च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यापासून सरकारी कागद बघण्याचा हक्क नागरिकांना आहे. कार्यालयात पोचलेलं पत्र त्या क्षणी ‘आल्मेन हान्दलिंग’, म्हणजे सार्वजनिक दस्तऐवज होतं. गोपनीयतेचा अपवाद लागू नसेल तर ते कोणीही मागू शकतं. हा प्रवास सुरू होतो टपालाच्या खोलीत.

क्रम साधारण असा. आलेल्या गठ्ठ्यातून आधी व्यक्तीच्या नावाची आणि कार्यालयाच्या नावाची पाकिटं वेगळी करतात. कार्यालयाची पाकिटं उघडतात, आत काही राहिलं नाही ना हे पाकीट उजेडाकडे धरून बघतात, आणि पहिल्या पानावर ‘आनकॉम्स्तस्तेम्पेल’, आवक तारखेचा शिक्का मारतात. शिक्का मजकुरावर बसू नये, कोऱ्या कोपऱ्यात बसावा. तारीख रोज सकाळी फिरवायची, हे काम विसरलं तर दुपारपर्यंतचे सगळे कागद एक दिवस मागचे ठरतात. अपिलांची पाकिटं फेकत नाहीत, पत्राला टाचून ठेवतात, कारण वाद झाला तर टपालाचा शिक्का पाकिटावर असतो.

मग कागद ‘रेयिस्त्रातॉर’कडे जातो. तो ‘दियारियुम’ या नोंदवहीत किमान चार गोष्टी लिहितो: कधी आला, नोंद क्रमांक, कोणाकडून, थोडक्यात विषय. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीत आवक बारनिशी सांभाळणाऱ्या लिपिकाचं हेच काम असतं. फरक एवढाच की ही नोंद बघायला कोणीही नागरिक येऊ शकतो.

शिक्क्याची तारीख आणि कायद्याची तारीख वेगळी कशी असू शकते?

असू शकते, आणि ज्यांना अपील करायचं आहे त्यांनी हे ओळीने वाचावं. 2017 चा प्रशासकीय कायदा सांगतो की कागद कार्यालयात पोचला त्या दिवशी ‘आला’. पण टपालाने आलेल्या कागदासाठी सवलत आहे: तो आदल्या कामाच्या दिवशी आला असं धरतात, जर त्या दिवशी तो टपाल कार्यालयात त्या कचेरीसाठी वेगळा काढलेला असण्याची शक्यता अगदीच कमी नसेल.

कार्यालयाच्या दारातल्या पेटीचा नियम आणखी सरळ आहे. दिवसात पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा तिच्यात जे सापडतं ते आदल्या कामाच्या दिवशीचं. म्हणजे रविवारी रात्री टाकलेलं पत्र सोमवारी सकाळी पहिल्या फेरीत निघालं, तर ते शुक्रवारचं. अपिलाची मुदत निर्णय हाती पडल्यापासून सहसा तीन आठवडे असते, तेव्हा या एका दिवसाला फार किंमत आहे.

म्हणून पॉस्तरुममध्ये पहिल्या फेरीची पत्रं आणि नंतरची पत्रं वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवावी लागतात. एकदा ती मिसळली की कुठलं पत्र कुठल्या फेरीचं हे कोणालाही सिद्ध करता येत नाही.

माझ्या नावाचं पत्र टपालखोलीत उघडू शकतात का?

खासगी कंपनीत ते कंपनीच्या नियमांवर आणि तुमच्या संमतीवर अवलंबून आहे. दुसऱ्याचं बंद पाकीट हक्क नसताना उघडणं हा स्वीडनमध्ये गुन्हा आहे. सरकारी कार्यालयात पेच असा, की अधिकाऱ्याच्या नावाने आलेलं पत्रही कार्यालयाच्या कामाचं असेल तर ते सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि त्याची नोंद व्हायला हवी. म्हणून कर्मचाऱ्यांकडून ‘फुल्लमाक्त’, पत्र उघडण्याचं अधिकारपत्र, घेतात. ज्याने ते दिलं नाही त्याने आपला खण रोज स्वतः बघायचा, सुटीच्या काळातसुद्धा त्याची सोय करायची. नोकरीत रुजू होताना हा कागद पुढे आला तर घाबरू नका, आणि न वाचता सहीही करू नका.

पाकिटातून पूड सांडली तर?

अशा पत्राला ‘पुल्वेरब्रेव’ म्हणतात. पाकीट हलवायचं नाही, वास घ्यायचा नाही, आहे तिथेच ठेवायचं. खोलीतली हवा खेळती करणारं यंत्र बंद करता आलं तर करायचं, बाहेर पडून दार लावायचं, हात साबणाने धुवायचे आणि 112 ला फोन करायचा. पाकीट दाखवायला वरिष्ठांकडे घेऊन जाणं ही सर्वांत वाईट चूक, कारण त्यामुळे एका खोलीचा प्रश्न सगळ्या मजल्याचा होतो.

मराठीत पॉस्तरुमसाठी कोणता शब्द वापरावा?

संदर्भ बघून. विद्यापीठ, रुग्णालय, कंपनी यांच्यासाठी ‘टपाल कक्ष’ किंवा साधं ‘टपालाची खोली’. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत लोक ‘मेलरूम’ किंवा ‘डिस्पॅच’ म्हणतात, पण डिस्पॅचमध्ये जावक टपालावर भर आहे आणि पॉस्तरुममध्ये आवकही तितकीच आहे, म्हणून तो शब्द पुरत नाही. ‘आवक-जावक विभाग’ हा सुंदर शब्द आहे, पण तो नोंदणीचं काम सांगतो. स्वीडिश मजकुरात रेयिस्त्रातॉर आणि दियारियुम आले असतील तरच वापरावा. राहत्या इमारतीसाठी ‘टपालपेट्यांची खोली’ हेच स्पष्ट. ‘डाकघर’, ‘पोस्ट ऑफिस’ कुठेच चालणार नाही.

डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये हाच शब्द आहे का?

डॅनिशमध्ये लेखन अगदी हेच. नॉर्वेजियनमध्ये यूच्या जागी ओ येतो, कारण तिथे खोली हा शब्द आर, ओ, एम असा लिहितात. स्वीडिशमध्ये मात्र याच स्पेलिंगचा ‘रॉम’ म्हणजे रम नावाची दारू, किंवा माशाची गाबोळी. एका अक्षराने एवढा फरक पडतो. जर्मन ‘पोस्टष्टेले’ आणि डच ‘पोस्टकामर’ अर्थाने जवळचे आहेत.

‘दिगितालत पॉस्तरुम’ असं सेवांच्या माहितीत वाचलं. ती खोली कुठे असते?

कुठेच नाही. संस्थेचं कागदी टपाल बाहेरची कंपनी उघडते, स्कॅन करते आणि फाइल संबंधित माणसाकडे पाठवते, त्या सेवेला हे नाव आहे. नागरिकांसाठीची ‘दिगिताल ब्रेवलोदा’ ही वेगळी गोष्ट. किव्रा या सेवेसारख्या अशा पेटीत सरकारी पत्रं थेट येतात, आणि ती सुरू केल्यावर तीच पत्रं कागदावर येणं बंद होतं. पॉस्तरुमची पेटी रिकामी दिसते म्हणून पत्र आलंच नाही असं समजू नका, फोनमध्ये बघा.

रोज उपयोगी पडतील अशी वाक्यं?

‘वार लिग्गेर पॉस्तरुम्मेत?’ म्हणजे टपालाची खोली कुठे आहे? इथे ‘आहे’साठी ‘लिग्गेर’, शब्दशः ‘पडून आहे’, हे क्रियापद. खोल्या, गावं, पत्रं स्वीडिशमध्ये ‘पडून’ असतात, भिंतीवरच्या पेट्या ‘बसलेल्या’.

‘दित पकेत लिग्गेर ई पॉस्तरुम्मेत.’ तुझं पार्सल टपालाच्या खोलीत आहे. हे वाक्य ऐकलं की आजच जाऊन घ्या, खोली लहान असते आणि पार्सलं दारात अडचण करतात.

‘लेग्ग ब्रेवेत ई मित फाक.’ पत्र माझ्या खणात ठेव.

‘फिन्स दे नॉत पॉस्तरुम ई हूसेत?’ या इमारतीत टपालाची खोली आहे का? घर बघायला जाल तेव्हा हे विचारा.

‘या हार तप्पात न्युक्केल्न तिल पॉस्तरुम्मेत.’ टपालखोलीची चावी माझ्याकडून हरवली. ज्या दिवशी हरवली त्याच दिवशी सांगा. ती चावी सगळ्यांच्या पत्रांपर्यंत पोचवते, आणि कुलूप बदलायचं की नाही हे मालकाने ठरवायचं असतं.

शब्दकोशात पॉस्तरुम सापडला नाही तर तो चुकीचा का?

नाही. स्वीडिशमध्ये दोन नामं जोडून नवा शब्द कोणीही, कधीही बनवू शकतो, आणि ज्याचा अर्थ भागांवरून उघड आहे असे शब्द कोशकार बहुधा घेत नाहीत. स्वीडिश अकादमीचे कोश स्वेंस्का डॉट एसई या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. अकादमीचा मोठा ऐतिहासिक कोश शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायला 2023 साल उजाडलं. तिथे पूर्ण शब्द नाही मिळाला तर ‘पॉस्त’ आणि ‘रुम’ वेगवेगळे बघा. लिंग आणि रूपं दुसऱ्या भागावरून घ्या, अर्थ दोन्हींवरून. ‘सोवरुम’ (झोपायची खोली), ‘बादरुम’ (न्हाणीघर), ‘सूपरुम’ (कचऱ्याची खोली), ‘स्युकेलरुम’ (सायकलींची खोली) हे शब्द याच साच्यातले आहेत. यातले शेवटचे दोन बहुधा तुमच्या पॉस्तरुमच्या शेजारच्याच दारांवर लिहिलेले असतील, तेव्हा कचऱ्याची पिशवी घेऊन चुकीचं दार उघडू नका.